वरच्या वाडीची लाईन

४ मार्च १९६८, भोर

वरच्या वाडीचा फोन पुन्हा बंद. सकाळी एक्स्चेंजमध्ये पाय टाकला तोच साहेब म्हणाले, "जा, सासुरवाडीचं बोलावणं आलंय."

एस.टी.नं मार्गासनी. पुढं पायी, तारेखालून, मान वर करून. तार शाबूत, खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्या शाबूत. पोस्टात पोचेस्तोवर ऊन माथ्यावर. हे पोस्ट म्हणजे गावाच्या टोकाचं शेवटचं घर. पुढच्या खोलीत फोन, मागं शाळेतल्या गुरुजींचा संसार. शाळा सुटली की गुरुजीच पोस्टमास्तर.

नेहमीसारख्या चपला काढल्या, हातपाय धुतले, घरामागं जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीत तांब्याभर पाणी ओतलं, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि मग फोनला हात लावला. हँडल फिरवलं. भोर लगेच बोललं. आवाज स्वच्छ, जणू पलीकडच्या खोलीतून.

गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "सकाळपासून फिरवतोय हो. मनगट दुखायला लागलं."

जोड घासून पुसून घट्ट केले. दुसरं काय करणार.

९ मार्च

पुन्हा बंद. पुन्हा गेलो. मी गेलो, फोन चालू.

मेव्हणे आबा ओट्यावर बसले होते. सरपंच झाल्यापासून चहा कमी आणि बोलणं जास्त. चार माणसांत म्हणाले, "दाजी, तुमचा फोन म्हंजी आमच्या भगताच्या अंगातलं वारं. तुमी आला की येतंय, तुमी पाठ फिरवली की जातंय. तुमीच हितं ऱ्हावा, आमी कोंबडं कापतो." सगळे हसले. मीही हसलो. जावयाला दुसरं काय करता येतं.

यंत्र बदललं, बॅटऱ्या नव्या घातल्या. जुन्या बऱ्या होत्या हे माहीत असून.

१० मार्च

रविवार. आंबवड्याच्या देवळात जाऊन आलो. बसलो, पण डोक्यात तार.

उस्ताद आठवले, ज्यांनी मला खांबावर चढायला शिकवलं ते. म्हणायचे, वरची तार डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्याकडं बघतात. आपल्या खेड्यांच्या लाईनला तार एकच, परत येणारा आवाज जमिनीतून येतो. निम्मी लाईन भुईच आहे, तिच्या पाया पडून कामाला लाग. तेव्हापासून कुठंही गेलो तरी आधी नळीत पाणी. लोक तुळशीला घालतात तसं. साहेबांना हे ठाऊक नाही, सांगण्यासारखं आहे असंही वाटलं नाही.

वरच्या वाडीला, व.वा.ला, ते पाणी घालणं म्हणजे नुसता नमस्कार. जागा मीच निवडलेली आहे. गावच्या टाक्यातलं वरकड पाणी पाटानं त्या घरामागून खाली जातं, बौद्धवस्तीतल्या दगडी डोणीत पडतं. पाटाच्या कडेला भर वैशाखातही चिखल असतो. म्हणून तिथंच नळी पुरली होती. तिथली भुई कधी सुकत नाही.

१४ मार्च

साहेब म्हणाले, "तू असताना चालतो, तू नसताना बंद पडतो. म्हणजे कोणीतरी हात लावतो. साधी गोष्ट आहे."

मला पटलं. लिहायला लाज वाटते, पण पटलं.

२१ मार्च

मार्गासनीपासून प्रत्येक खांबाला टेस्ट फोन लावत गेलो. प्रत्येक खांबाजवळ लोखंडी खुंटी ठोकायची, भोरला हाक मारायची. प्रत्येक ठिकाणी भोर बोललं. शेवटच्या खांबापर्यंत. ऑपरेटर वैतागला, "अण्णा, माझी चौकशी करायला निघालात का?"

गेनबा बरोबर होता. मार्गासनीच्या स्टँडवरून टपालाची पिशवी वाडीत नेतो तो. वस्तीतला, डोणीशेजारचं पहिलं घर त्याचं. खात्याची कुदळ मी त्याच्याकडंच ठेवतो, भोरहून दर वेळी वाहायला नको. मोजकं बोलणारा माणूस. माझ्या पायाशी पाय जुळवून चालतो, कारण माझा गुडघा त्याला माहीत आहे.

वाटेत त्याची बायको आणि आणखी दोघी-तिघी भेटल्या, नदीवरून वर येत होत्या, डोक्यावर हंडे. चढ उभा आहे. मी म्हटलं, "का रे, डोणी आटली का इतक्यात?"

"पान्याचं नका इचारू, अण्णा."

"का?"

"तुमी पावनं हितलं." एवढंच बोलून पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मी समजलो, उन्हाळा.

पोस्टात पोचल्यावर पाणी, नाव, फोन. चालू.

सासूबाईंना भेटून निघालो. थकल्यात. दाराशी येऊन हळू म्हणाल्या, "जावईबापू, आबाला चार शब्द सांगा. माझं ऐकत न्हाई." आबा तेवढ्यात आतून आले. कशाबद्दल सांगायचं ते विचारायचं राहिलं. एस.टी.ची घाई होती.

३० मार्च

आठवडाभर व.वा.ची तक्रार नाही. कारण गुरुजींनी तक्रार करणंच सोडलंय. आज त्यांचं कार्ड आलं, फोन आता कोनाड्यातल्या मूर्तीसारखा आहे, रोज पुसतो, बोलत नाही.

साहेबांनी वर कळवलंय की कोणीतरी खोडसाळपणा करतो. नाव लिहिलं नाही. पण आबा गेल्या बाजारी भोरला आले होते, साहेबांच्या खोलीत बराच वेळ बसले. जाताना मला म्हणाले, "फोनच्या वळचणीला कोन ऱ्हातंय ते बघा की, दाजी. आमच्या तोंडून कशाला काढता?"

५ एप्रिल

सासूबाई गेल्या.

६ एप्रिल, व.वा.

कसं झालं ते लिहून ठेवतो. पुढं लोक वेगळं सांगतील.

काल सकाळी छातीत कळ आली, उलटी झाली, घाम. आबा पोस्टाकडं धावले. गुरुजींनी हँडल फिरवलं, आबांनी फिरवलं, पुन्हा गुरुजींनी. भोरची जीप मागवायची होती. काही नाही. मग बाजेवर घालून मार्गासनीला आणलं. एस.टी. नुकतीच गेलेली. स्टँडच्या चिंचेखाली बाज ठेवली. तिथंच.

मी त्या वेळी भोरला एक्स्चेंजमध्ये होतो. बोर्डापासून हाताच्या अंतरावर. खिळे मोजत होतो. बोर्डावरची व.वा.ची झडप, हाक आली की पडते ती, दोनदा थरथरली, पुरती पडली नाही. ऑपरेटरनं कानाला लावलं, म्हणाला, "कोणी नाही. वारा असेल." मी मान हलवली.

मी मान हलवली.

सौ. रडत नाही. नुसती बसून आहे. इतकंच म्हणाली, "तुम्ही तिथंच होतात ना?"

गेनबानं बाजेचा एक खूर धरला होता म्हणे, उतारावर. मार्गासनीत आल्यावर आबांनी त्याचा हात झटकला. सगळ्या स्टँडसमोर म्हणाले, "तार तोडतोस आन् मढं उचलतोस?"

७ एप्रिल, व.वा.

जावयाला सुतक तीन दिवसांचं. बसून बसून जीव गुदमरला. दुपारी पोस्टाकडं गेलो. गुरुजींनी खुर्ची सरकवली.

सुतकात देवाला पाणी घालत नाहीत. म्हणून मागं नळीकडं गेलो नाही, नाव घेतलं नाही. सरळ हँडल फिरवलं.

काही नाही. पुन्हा फिरवलं. भोर नाही. कानात नुसती पोकळी.

अंगावर काटा आला. आनंदाचा. सासूला जाळून एक दिवस झालेला आणि मला आनंद झाला की बिघाड पहिल्यांदाच माझ्यासमोर उभा राहिला. आता पळू शकत नाही म्हटलं.

बॅटरी पाहिली, बरी. माझा टेस्ट फोन यंत्राच्या जागी लावला, तरी बंद. म्हणजे यंत्राचा दोष नाही. तोच फोन बाहेरच्या खांबाला लावला, खुंटी गुरुजींच्या मोरीच्या ओलीत ठोकली. भोर खणखणीत. म्हणजे तारेचा दोष नाही. खांबापासून खोलीपर्यंतची तार बोटानं चाचपत आलो, अखंड. आता एकच गोष्ट उरली, जिच्याकडं मी महिनाभर हात जोडून पाहत होतो.

नळीवरची फरशी काढली. तोंडाशी वाळलेल्या चिखलाच्या खपल्या. माझ्याच तांब्याचा चिखल. दर वेळी तो ओला बघून मी समजायचो, भुई ओली आहे. गेनबाच्या घरून कुदळ आणली आणि कडेनं उकरलं. खाली नळीभोवती ओल धरायला घातलेला कोळसा कोरडा ठक्क. हातात घेतला तर खुळखुळला.

मग पाट बघितला. महिनाभर त्याच्या शेजारी उभा राहत होतो आणि कुंपणापलीकडं वाकून कधी बघितलं नव्हतं. पाटात वाळका पाला. वर वर गेलो, टाक्यापर्यंत. टाकं भरलेलं. वरकड पाणी वाहतंय, झुळझुळ. पण पाटाच्या तोंडाशी दगड-मातीचा बांध, चांगला चोपून घातलेला, आणि पाणी उजवीकडं वळवलेलं. उजवीकडं आबांचा मळा. कांदा हिरवागार.

खाली येऊन नळीत घागरभर पाणी ओतलं. नाव न घेता. भोर बोललं.

गुरुजी दारातून म्हणाले, "सापडलं का काही?"

"जोड ढिला होता," म्हणालो.

कुदळ परत करायला गेनबाच्या दाराशी गेलो. डोणीत कोंबड्या बसल्या होत्या. गेनबा घरात नव्हता, हवालदार घेऊन गेला होता.

८ एप्रिल

गुरुजींना विचारलं. सुतक फिटलं होतं, बोलायला हरकत नव्हती.

माघी पौर्णिमेच्या जत्रेत वस्तीनं ढोल वाजवायला नाही म्हटलं. देवापुढं दिवटी धरायला नाही म्हटलं. आम्ही आता बुद्धाचे झालो, हे काम आमचं नाही, असं गेनबानंच उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाट फिरला. गुरुजी म्हणाले, "मी बाहेरगावचा माणूस. दोन पोरं आहेत मला." मी त्यांना काही म्हटलं नव्हतं.

माघी पौर्णिमा. फोनच्या पहिल्या तक्रारीची तारीख त्यानंतरच्या आठवड्यातली. ती तक्रार माझ्याच हातात आली होती.

मी पहिल्या खेपेला पाणी ओतलं नसतं तर पहिल्याच खेपेला कळलं असतं. हे मला सुटत नाही. वीस वर्षं ज्या भक्तीनं ते पाणी घातलं तिनंच झाकून ठेवलं. पांडुरंगा, हे तुझ्याकडं मागायचं तरी कसं? उत्तर नको आहे. विचारून ठेवतो.

११ एप्रिल, भोर

गेनबाला वेल्ह्याच्या ठाण्यातून सोडलं, पण रोज हजेरी. पिशवी काढून घेतली. आबांच्या चुलतभावाच्या मुलाला दिली. तो सायकलवर नेतो, चढावर ढकलत.

सौ. म्हणाली, "सोडला कसा? माझ्या आईच्या वेळेला तार तोडली त्यानं."

मी भाकरी मोडत होतो. तार तुटली नव्हती, एवढं तोंडापर्यंत आलं. पुढचं सांगावं लागेल म्हणून तेही गिळलं.

१४ एप्रिल, व.वा.

दहावा. नदीवर.

आजच वस्तीची जयंती. खाली निळी पताका दिसत होती, झाडांच्या वर. आबा दात खाऊन म्हणाले, "आज वाजवूनच बघू द्या." पण वाजलं नाही. हलगी नाही, बाजा नाही. पोरं नुसती रांगेनं फोटो घेऊन फिरली. मागून गेनबा वाटेत भेटला. म्हणाला, "थोरल्या आई गेल्या, दहावा हाय. वाजवायचं न्हाई म्हनून सांगितलं सगळ्यास्नी. त्या लई येळा आमच्या दारावरनं जाताना थांबायच्या." मी मान खाली घालून उभा.

सगळं आटोपल्यावर आबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "आबा, तार तुटली नव्हती. जमीन सुकली होती."

"मंग? उन्हाळा हाय."

"पाट फिरवल्यामुळं सुकली. तो पाट होता म्हणून फोन बोलत होता. गेनबाचा ह्यात काही हात नाही. ठाण्यात जाऊन तसं सांगा."

आबा माझ्याकडं बघत राहिले. डोक्याचा गोटा केलेला, ओल्या पंच्यातला माणूस. मला वाटलं रडतील.

"पाट गावानं फिरवला," म्हणाले. "पंच बसून ठरलं. ते ढोल न्हाई म्हनाले, गाव पानी न्हाई म्हनालं. त्यात म्या एकटा न्हाई."

"पाणी तुमच्या कांद्यात गेलं."

"कुठंतरी जायाचंच व्हतं." मग आवाज खाली आणून, "दाजी, तुमी काय म्हंताय ते तुमाला तरी कळतंय का? माझ्या आईला म्या मारली, असं म्हंताय."

"तसं मी म्हटलं नाही."

"मंग दुसरं काय? आन् तुमी वं? महिनाभर येताय. दर खेपेला तांब्या वतून, चालू करून, सही करून जाताय. सरकार पगार कशाचा देतंय? तुमाला कळाय नगं भुई सुकली ती? मला आईच्या राखंवर उभं करता, तर या, तुमी बी उभं ऱ्हावा शेजारी."

बरोबर बोलले. त्याचाच राग आला.

१६ एप्रिल, भोर

सौ.ला सांगितलं. सगळं. पाट, बांध, कांदा, माझा तांब्या.

तांदूळ निवडत राहिली. मग, "आईला ठाऊक होतं?"

म्हटलं, पाटाचं ठाऊक होतं. मला म्हणाल्या होत्या आबाला चार शब्द सांगा.

"मग सांगितलेत?"

"कशाबद्दल ते विचारलं नाही."

सूप खाली ठेवलं. म्हणाली, "आता मी माहेरी जायचं की नाही, तेवढं सांगा." तिनं पुन्हा सूप घेतलं.

१९ एप्रिल

साहेबांना खरा बिघाड सांगितला. ते खूश झाले. टेबलावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे सुटलं की! अर्थिंग हलव. ओलीत ने."

म्हटलं, ओल आता आबांच्या मळ्यात आहे.

"माहीत आहे. सरपंच येऊन गेले, तेव्हा कशाला ते कळलं नव्हतं. जागा देतो म्हणाले, फुकट. चांगला माणूस आहे तुझा मेव्हणा."

तर आबांनी आधीच येऊन जागा देऊन टाकली. मी दहाव्याला जे सांगितलं त्याचं त्यांनी हे केलं.

गेनबाचं विचारलं. साहेब म्हणाले, "ते पोलिसांचं. आपलं काम लाईन चालू ठेवणं." चष्मा पुसत होते. वाईट माणूस नाही. त्यांच्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात.

पाट पूर्ववत करा असं खातं गावाला लिहू शकतं का, विचारलं. "टेलिफोनसाठी गावाच्या पाण्यात पडायचं? आणि सोपा उपाय असताना?"

सोपा आहे खरा. नळी मळ्यात गेली की फोन कधी बंद पडणार नाही. मग त्या पाटाची कुणालाच गरज उरणार नाही, वस्तीखेरीज.

२४ एप्रिल, वेल्हे

स्वतःहून ठाण्यात गेलो. हवालदारानं बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सांगितलं, तार तुटली नव्हती, कुणी हात लावला नव्हता, मी लाईनमन आहे, मला माहीत आहे.

"तुम्हीच मार्चमध्ये म्हणालात ना, कोणीतरी हात लावतो?"

"ते साहेब म्हणाले."

"तुम्ही नाही म्हणालात?"

साहेबांना तेव्हा 'नाही' म्हणालो नव्हतो.

"बरं, तार तुटली नव्हती. मग फोन का लागला नाही? बाई गेल्या त्या दिवशी?"

म्हटलं, पाट फिरवला म्हणून.

"कुणी?"

बाहेर कुणीतरी बैल हाकत होतं. मी म्हटलं, "गावानं."

हवालदार हसला. "गावाचा जबाब कसा घेऊ, सांगा. नाव घेता का? घेत असाल तर लिहितो. तुमचे कोण लागतात सरपंच?"

म्हटलं, विचार करून येतो. दाराशी चपला घातल्या. लहानपणी कामथडीच्या शाळेत गणित येत असून पाटी झाकून बसायचो, तसं वाटलं.

२८ एप्रिल

मार्गासनीला गेनबा भेटला. रस्त्याच्या कामावर खडी फोडतोय. मला बघून हातोडी ठेवली, तंबाखू काढली.

"अण्णा, एक इचारू? त्यो फोन आमच्या पान्यावर चालत व्हता, व्हय?"

"हो."

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवून. थांबेचना. "आमच्या बाया रोज नदीचा डोंगर चढत्यात, कुनी इचारलं न्हाई. फोनला तहान लागली तर भोरवरनं मानूस येतोय, यंतर बदलतोय, बॅटऱ्या बदलतोय."

मी शेजारी बसलो.

"ठाण्यात गेलता म्हनं."

"गेलो होतो."

"नाव घेतलं?"

"नाही."

त्यानं तंबाखू मळली, निम्मी मला दिली. "म्या न्हाई म्हनत घ्या म्हनून. अक्कांचा सख्खा भाऊ हाय. पर नळीचा खड्डा मळ्यात नगा हालवू, अण्णा. त्यो तिथं हाय तवर कुनाला ना कुनाला पाट सोडावा लागंल. पावसाळ्यापर्यंत तरी. तुमी हालवला की मंग आमचं संपलं."

"साहेबांचा हुकूम आहे."

"व्हय. हुकूम असंल." हातोडी उचलली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुमचा गुडघा कसा हाय?"

३० एप्रिल

व.वा. बंद. गुरुजींचा निरोप सायकलवाल्या पोराबरोबर मार्गासनीहून. मी गेलो नाही. अंगात कणकण आहे असं कळवलं. अंगात काही नाही.

आज सकाळी पूजेला बसलो तेव्हा तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. सौ.नं बघितलं. तिनंच तुळशीला पाणी घातलं.

२ मे १९६८, भोर

साहेबांनी लेखी हुकूम हातात दिला. उद्या नळी उपटून मळ्यात पुरायची. म्हणाले, "तुला जमत नसेल तर दुसऱ्याला पाठवतो. वेल्ह्याकडं नवा लाईनमन आहे, तरणा आहे, अर्ध्या दिवसात करेल." धमकी नव्हती. खरंच सोय बघत होते.

दुसरा गेला तर करेल. त्याला पाट दिसणारही नाही.

मी गेलो तर दोन रस्ते आहेत. पोस्टाकडून वर मळ्यात, नाहीतर पोस्टाकडून खाली वेल्ह्याच्या वाटेला, ठाण्याकडं. तिथं नाव सांगायचं. मग आबांबरोबर माझाही जबाब होईल, का रे बाबा, महिनाभर काय करत होतास. तेही खरंच आहे. सौ.ला संध्याकाळी विचारलं, काय करू. ती म्हणाली, "मला विचारून पाट फिरवला होता का?" आणि दिव्याची काच पुसायला घेतली. मग काच हातात धरून म्हणाली, "आई असती तर तुमच्या आधी गेली असती ठाण्यात. पायी." पण जा असंही म्हणाली नाही. भाऊ आहे तिचा.

सामान बांधलं. नवी नळी, कोळसा, मीठ, पाने-पकड. हुकूम खिशात. सकाळची पहिली एस.टी.

मळ्यात खणायचं झालं तरी कुदळ गेनबाच्या घरी आहे. आधी त्याच्या दाराशी जाऊन, कुदळ दे, असं म्हणावं लागेल.